उजवीकडून काढलेला हत्ती

अंबडकर मास्तर गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. औरंगपुऱ्यात भाजी घेत होते, तेवढ्यात आमच्या शाळेतली जुनी सेविका भेटली आणि मेथीची जुडी उलटीपालटी करत सहज म्हणाली, "बाई, आपले अंबडकर मास्तर गेले की परवा. झोपेतच गेले म्हणं." मी अरेरे म्हणाले, देवमाणूस होता म्हणाले, वयही झालं होतं म्हणाले... अशा वेळी जे जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणाले. पण त्याच्याही आधी मनात जे आलं ते वेगळंच होतं. आता हे कुणाला कळायचं नाही, असं आलं. आणि हायसं वाटलं. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस गेल्यावर जिला आधी हायसं वाटतं, तिनं त्याच्यावर लेख लिहायला बसू नये खरं तर. तरी बसलेय, कारण मास्तरांवर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि जे लिहायला हवं ते माझ्याशिवाय कुणाला धड ठाऊक नाही.

मास्तरांचं नाव लक्ष्मणराव. घराणं अंबडकडचं, वडील निजामाच्या कचेरीत कारकून. त्या काळी शिकायचं म्हणजे उर्दूतून, तसे तेही पहिलीपासून उर्दूतून शिकले आणि पुढं वरच्या वर्गांना इतिहास शिकवू लागले. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की मोठमोठ्या घरच्या लग्नाच्या पत्रिका लिहायला त्यांना बोलावणं यायचं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि शाळा मराठी झाल्या. आनंदाचीच गोष्ट होती. मास्तरांनाही आनंद झाला होता, त्यांनी शाळेवर झेंडा चढवताना दोरी धरली होती. फक्त दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जी भाषा आपण जन्मापासून घरात बोलतो, ती आपल्याला लिहिता येत नाही. पोथी वाचण्यापुरतं वाचता यायचं, तेही बोट ठेवून. सही करता यायची. बाकी सगळा कारभार उर्दूत. वय चाळिशी उलटलेलं. तरुण शिक्षक भराभरा शिकून घेऊन पुढं गेले आणि मास्तरांना, काही सोय लागेपर्यंत म्हणून, शिशुवर्गावर बसवण्यात आलं. तिथं लिहावं लागत नाही, हे कारण.

मी त्यानंतर पाच-सहा वर्षांनी नगरहून त्या शाळेत आले. मराठी शिकवायला माणसं कमी होती म्हणून आमच्यासारख्यांना सहज नोकऱ्या मिळत. मी चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. इकडची मंडळी 'हजर', 'कैफियत', 'तकलीफ' असले शब्द वापरायची त्याचं मला हसू यायचं. शिपायाच्या रजेच्या अर्जातसुद्धा मी तांबड्या शाईनं ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून तो परत द्यायची. माझा पहिलीचा वर्ग आणि मास्तरांचा शिशुवर्ग यांच्यामध्ये नुसत्या फळ्यांची भिंत होती, त्यामुळे त्यांच्या वर्गातला गलका दिवसभर माझ्या कानावर असायचा. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांच्या वर्गाला कोंडवाडा म्हणायचो. हे नाव कुणी ठेवलं ते सांगायला हवं. मीच ठेवलं होतं.

कोंडवाडा अशासाठी, की मास्तर त्या चार-पाच वर्षांच्या पोरांकडून दिवसभर कागदाची जनावरं करून घ्यायचे. कुत्रा, मांजर, ससा, हत्ती, कबूतर. कात्री नाही, खळ नाही, नुसत्या घड्या. शाळेच्या कोठीत निजामाच्या वेळचे छापील उर्दू फॉर्म गठ्ठ्यांनी पडून होते, तो कागद त्यांना फुकट मिळाला होता. पण हे कागद ते तसेच वाटायचे नाहीत. सकाळी लवकर येऊन एकेक पान वाचायचे. कुठं अल्लाचं नाव दिसलं, कुठं कुणा रामचंद्राचा किंवा विठ्ठलाचा अर्ज दिसला, की ते पान बाजूला. "त्याचं कान-शेपूट करायचं नाही बाई, पोरं पायदळी टाकतात," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. उरलेले कागद चौकोनी फाडून मग मुलांत बसायचे. मांडी घालून, शेरवानीची बटणं काढून. पहिल्या घड्या मुलाचं बोट धरून घालायच्या, पण शेवटची घडी मुलानं एकट्यानं घालायची, हा त्यांचा नियम होता. ती कितीही वाकडी झाली तरी मास्तर तिला हात लावत नसत. एखादं पोर रडकुंडीला यायचं, माझा हत्ती शेजारच्यासारखा नाही म्हणायचं. मास्तर तो हत्ती हातात घेऊन नीट निरखायचे आणि म्हणायचे, "हा म्हातारा हाय लेका. म्हाताऱ्याची सोंड अशीच लोंबती. ह्याला हळू चालव." पोर डोळे पुसून हत्तीला हळू चालवत न्यायचं. मग पेन्सिलीनं डोळे काढायचे. डोळे काढल्याशिवाय जनावर वर्गाबाहेर न्यायचं नाही, कारण त्याला घरचा रस्ता कसा दिसणार?

हे सगळं मी फळीच्या फटीतून पाहिलेलं आहे. माझ्या वर्गातली मुलं पाढे म्हणत असायची आणि मी फटीशी उभी राहून बघायची. मला ते आवडायचं. पण आवडतं असं कुणाजवळ बोलले नाही, कोंडवाड्याचा विनोद तेवढा करत राहिले.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. टोपी हातात. म्हणाले, "बाई, एक अर्ज हाय. मला मराठी लिहायला शिकवता का?" खात्याची मराठीची परीक्षा होती, ती ते एकदा नापास झाले होते. पुन्हा नापास झाले तर त्यांना वर्गावरून काढून दप्तरखान्यात टाकणार, असं वर चाललं होतं. जुन्या जमिनींचे उर्दू कागद वाचायला तिथं माणूस हवा होता. पगार तोच, मान थोडा जास्तच. मी म्हटलं, मग बरंच आहे की, जा. तर म्हणाले, "तिथं मुलं नसतात, बाई." त्यांना स्वतःचं मूल उशिरा झालं होतं, एकच मुलगी, ती तेव्हा लहान होती. पण त्यामुळं ते तसं म्हणाले असं मला वाटत नाही. इतिहास शिकवणारा तो माणूस पहिल्यांदा नाइलाजानं पोरांत बसला आणि मग त्याला तिथून उठावंसं वाटेना, एवढंच.

मी शिकवायला लागले. संध्याकाळी व्हरांड्यात अर्धा तास. मास्तर पेन्सिल उचलायचे आणि त्यांचा हात सवयीनं कागदाच्या उजव्या कडेला जाऊन टेकायचा. मग दचकल्यासारखा उचलून डावीकडे आणायचे आणि स्वतःशीच हसायचे. "घोडा जुन्या तबेल्याकडंच जातोय बघा." मी मात्र हसत नसे. मी त्यांच्या वहीत तांबड्या शाईनं रेघा मारायची. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी 'पाच वेळा लिहून आणा' असं सांगितलेलं आहे, आणि त्यांनी ते लिहून आणलेलं आहे.

अशात खात्याकडून पत्रक आलं. जिल्ह्यात गावोगावी बालवाड्या निघत होत्या आणि त्या चालवणाऱ्या बायकांसाठी सोप्या उपक्रमांच्या छोट्या पुस्तिका हव्या होत्या. शिक्षकांनी लिहून पाठवाव्यात, चांगली असेल ती छापली जाईल. दुसऱ्याच दिवशी मास्तर आठ-दहा मोठे कागद घेऊन आले. प्रत्येक कागदावर एक जनावर, चार चौकटींत, घडीघडीनं काढलेलं. रेषा अशी स्वच्छ की आंधळ्यालाही घडी घालता यावी. आकडे घातलेले नव्हते. उर्दू आकडे चालणार नाहीत आणि मराठी आकड्यांचा भरवसा नाही, म्हणून सोडलेत म्हणाले. "बाई, चित्रं माझी, लिखाण तुमचं. दोघांची नावं घालू. साहेबांच्या नजरेत आलं की हा माणूस मुलांच्या कामाचा हाय, तर कदाचित राहू देतील इथं." मी म्हटलं, नक्की, दोघांची घालू. हे मी शब्द देऊन म्हटलं होतं.

प्रत्येक चित्राखाली घालायच्या ओळी मी एका संध्याकाळी लिहून काढल्या. एक, चौकोनी कागद घ्या. दोन, तिरकी घडी घालून त्रिकोण करा. तीन, दोन्ही टोके खाली आणून कान करा. चार, मधले टोक दुमडून सोंड करा. पाहा, हत्ती तयार! असं प्रत्येक जनावराचं. सोबत एक फॉर्म भरायचा होता. त्यात 'लेखकाचे नाव' अशी एक ओळ होती. मी माझं नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून थोडा वेळ बसले. बालवाड्यांवर एक पर्यवेक्षिका नेमणार असल्याची बोलवा होती, आणि ती जागा मला हवी होती. मनाशी म्हटलं, लेखक म्हणजे लिहिणारा, आणि मास्तरांना लिहिता कुठं येतं? असलं कारण सुचलं की माणूस त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवतो. मी फॉर्म पाकिटात घालून पाठवून दिला. मास्तरांनी विचारलं तेव्हा "पाठवलं" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

पुस्तिका निवडली गेली. छापखान्यातून तपासायला कागद आले ते माझ्याच घरी आले. ते मास्तरांना दाखवायला हवे होते, चित्रं त्यांची होती. पण दाखवले असते तर वरचं पान दिसलं असतं. म्हणून मी एकटीनं तपासले, आणि तपासले म्हणजे काय, तर वरच्या पानावरचं स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यात काही चूक नव्हती. आतली पानं भराभर उलटली, माझ्या ओळींतले ऱ्हस्वदीर्घ बघितले, आणि 'छापावे' म्हणून सही केली.

बालवाडीच्या बायकांचं चार दिवसांचं शिबिर होतं, त्यात पुस्तिका वाटायची होती. प्रात्यक्षिक दाखवायला म्हणून मास्तरांनाही बोलावलं होतं. ते धुतलेली शेरवानी घालून, टोपीला ब्रश मारून आले. पडेगाव, शेंद्रा, लासूर स्टेशन, कुठून कुठून बायका आल्या होत्या, काहींच्या कडेवर स्वतःची पोरं. शिपायानं पुस्तिका वाटल्या. मास्तर पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते. त्यांनी पुस्तिका मांडीवर ठेवली आणि वरच्या पानावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागले. मी समोरच्या खुर्चीवरून बघत होते. बोट माझ्या नावावरून हळूहळू गेलं... नावाच्या खाली आलं... आणि खाली काही नव्हतं. मग त्यांनी पान उलटून मागं पाहिलं. तिथंही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चष्मा पुसला आणि पुढची पानं बघायला लागले. मग ते एका पानावर थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसली. ती स्वतःच्या नावाची नव्हती. ते उठून माझ्याकडे यायला निघालेच होते, पण तेवढ्यात बायकांनी कागद घेऊन सुरुवात केली होती आणि मागून हसण्याचा आवाज यायला लागला होता.

झालं होतं असं, की मास्तरांनी चौकटी उर्दूच्या सवयीनं उजवीकडून डावीकडे काढल्या होत्या. कोरा कागद उजव्या टोकाला, पुरा झालेला हत्ती डाव्या. छापखान्यानं आकडे आणि माझ्या ओळी मराठीच्या रीतीनं डावीकडून घातल्या. त्यामुळे पुऱ्या झालेल्या हत्तीखाली 'चौकोनी कागद घ्या' असं छापलं होतं, आणि कोऱ्या चौकोनाखाली 'पाहा, हत्ती तयार!' सगळी जनावरं अशीच. सगळ्या पानांवर.

शिबिराला आलेल्या खात्याच्या साहेबांनी पुस्तिका उंच धरून ते वाचून दाखवलं. सभा लोळायची बाकी राहिली. साहेब स्वभावानं वाईट नव्हते, त्यांनी हसत हसतच मला विचारलं, "बाई, हे काय केलंत? कोरा कागद म्हणजे हत्ती?" झाली चूक कशी ते मला तत्क्षणी कळलं होतं, व्हरांड्यातला तो उजव्या कडेला टेकणारा हात माझ्या रोजच्या पाहण्यातला होता. आणि मी उभी राहून म्हणाले, "चित्रं माझी नाहीत, साहेब. आमच्या शाळेतल्या अंबडकर मास्तरांची आहेत. त्यांनी उर्दूसारखी उलटी काढून दिली."

त्या पुस्तिकेच्या संबंधात मास्तरांचं नाव चारचौघांत घेतलं गेलं ते तेवढंच. आणि ते मी असं घेतलं.

साहेबांनी विचारलं, कोण अंबडकर? मास्तर उभे राहिले. वाटलं, आता हा माणूस बोलणार. त्यांनी फक्त म्हणावं, की साहेब, बाईंनी मला कागद दाखवले नाहीत. एवढं एक वाक्य पुरलं असतं. मास्तर म्हणाले, "कसूर माझा हाय, साहेब. जुनी आदत. बाईंनी मेहनत लई घेतली, त्यांच्याकडं दोष नाय." साहेबांना त्यांची दया आली, आणि त्या दयेनंच घात केला. ते म्हणाले, "मास्तर, तुम्हाला उगाच इथं अडकवून ठेवलंय. तिकडं दप्तरखान्यात तुमच्यासारख्याची किती गरज आहे!" पंधरा दिवसांत हुकूम आला. परीक्षेची वाटही बघितली नाही. ती परीक्षा ते बहुतेक पास झाले असते, हे मी त्यांच्या वह्या तपासत होते म्हणून सांगू शकते.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी मुलांना नेहमीसारखे कागद वाटले. जातो असं सांगितलं नाही. दुपारी वर्ग माझ्या ताब्यात देताना कोठीची किल्ली दिली आणि म्हणाले, "कागद वाचून घेत जा बाई," आणि मग आठवण होऊन, "तुम्हाला उर्दू येत नाय, नाय का... मग कोरेच वापरा." एवढंच. मला त्यांनी एक शब्द बोलून घ्यायला हवा होता. मी तयारी करून ठेवली होती, काय उत्तर द्यायचं त्याची. त्यांनी बोलायची वेळच येऊ दिली नाही, आणि माझं उत्तर माझ्याजवळच सडत राहिलं. पुढं वर्षभरात मी पर्यवेक्षिका झाले. पुस्तिका फार नव्हत्याच, ज्या होत्या त्या तशाच गावोगावी गेल्या होत्या. त्या परत मागवाव्यात असं मी कधी सुचवलं नाही, कारण मागवल्या की विषय निघणार. जिथं त्या गेल्या होत्या तिथल्या बालवाड्यांच्या तपासणीलाही मी स्वतः कधी गेले नाही, हाताखालच्या बायकांना पाठवत राहिले. मास्तर कधी गुलमंडीवर दिसले तर मी दुकानाच्या आत शिरायची. एकदा असा, गरज नसताना, मी कंदील विकत घेतलेला आहे.

मास्तरांचं तेरावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. जायचं नव्हतं, पण न जाणं लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं. त्यांची मुलगी सुधा आता दोन मुलांची आई आहे, तिनं पाणी आणून दिलं. आधीच एक बाई येऊन बसली होती, नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पिशवी. सुधानं ओळख करून दिली, या कौसाबाई, लासूर स्टेशनच्या बालवाडीच्या. माझं नाव ऐकताच कौसाबाई उठून माझ्या पाया पडायला लागल्या. "तुम्हीच व्हय त्या! लई दिसांनी पाय दिसले बाई. तुमच्या पुस्तकावर पोरांच्या दोन पिढ्या काढल्या म्या." मला वाटलं ही थट्टा करते आहे. त्या पुस्तकावर पिढी कशी निघेल? तर त्यांनी पिशवीतून ती पुस्तिका काढली, सुधाला दाखवायला आणली होती. कडा झिजलेल्या, कणा दोऱ्यानं शिवलेला. आत प्रत्येक पानावर छापील आकडे खोडून त्यांच्यावर नवे आकडे लिहिले होते. आणि माझ्या छापील ओळींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्ट्यांवर त्याच ओळी, मास्तरांच्या हातच्या. अक्षर ताठ, सुटं सुटं, एकही चूक नाही. पुऱ्या झालेल्या हत्तीखाली 'पाहा, हत्ती तयार!'

"शिबिर झालं त्याच्यानंतरच्या उन्हाळ्यात आले व्हते मास्तर," कौसाबाई सांगायला लागल्या. "रविवारी. खळीचा डबा संगं. म्हणले, बाईंनी पाठवलंय, दुरुस्ती करून ये म्हणून. बाईंना लई काम असतं, त्यांना येता येत नाय. मंग पोरं गोळा केली, समद्यांना हत्ती करून दावला. वैजापूरकडं बी गेले, शेंद्र्याला बी गेले. जिथं जिथं पुस्तक गेलं तिथं गेले म्हणं. दर रविवारी." सुधा म्हणाली, "दोन वर्षं चाललं होतं ते, मला आठवतंय. घरी बसून पट्ट्या लिहायचे. आई म्हणायची, सुट्टीच्या दिवशी तरी घरी बसा. तर म्हणायचे, बाईंचं काम आहे, नाही म्हणता येत नाही." आणि दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. कौतुकानं. एवढी कळकळीची बाई, म्हणून.

मी मान हलवली.

हो, मी पाठवलं होतं, अशा अर्थी. मास्तर जाऊन पंधरवडा उलटला होता, भिंतीवर त्यांच्या फोटोला हार होता, आणि त्या हाराखाली बसून मी त्यांची ती दोन वर्षंही घेऊन टाकली. पहिल्या वेळी मी चोवीस-पंचविशीची होते, हाव होती, भीती होती, काहीतरी म्हणता येईल. या वेळी काय म्हणणार? मला काही मिळवायचं नव्हतं. निवृत्त झालेली बाई मी. नुसती सवय.

त्यानंतरचे तीन आठवडे मी स्वतःशी फार बोलले, त्यातलं इथं लिहिण्याजोगं काही नाही. गेल्या सोमवारी सकाळच्या गाडीनं मी लासूर स्टेशनला गेले. बालवाडी मारुतीच्या देवळामागं एका पत्र्याच्या खोलीत भरते. कौसाबाई मुलांना शेंगदाणे वाटत होत्या. मला बघून त्यांना कोण आनंद झाला, पोरांना म्हणाल्या, नमस्कार करा, पुस्तकवाल्या बाई आल्या. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. चित्रं कुणाची, नाव कुणाचं, शिबिरात काय बोलले, मास्तरांची बदली कशानं झाली. आणि मी त्यांना कुठंही पाठवलं नव्हतं, हेही. सगळं झाल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "मंग त्या दिवशी मान कशापायी हलवली वो, बाई?"

मुलांपैकी कुणीतरी शेंगदाणे सांडले म्हणून त्या तिकडं गेल्या, ते भरून आल्या. मी म्हटलं, पुस्तिका द्या, मला त्यात मास्तरांचं नाव लिहायचं आहे. त्यांनी फळीवरून काढून दिली. वरच्या पानावर मी 'लक्ष्मणराव अंबडकर' असं लिहिलं, नीट, सावकाश. मग माझं नाव खोडायला पेन टेकवलं, तर कौसाबाईंनी माझा हात धरला. शेतात राबलेला हात, सोडवता येईना.

"त्याला नका हात लावू," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी येक येक पान दुरुस्त केलं. हे बी त्यांच्या म्होरं व्हतंच की. त्यांनी ऱ्हाऊ दिलं."

"पण ते खोटं आहे, कौसाबाई."

"असंल. पर ते ठिवलं मास्तरांनी. तुम्ही खोडलं की तुमचं मिटलं, व्हय?"

त्यांनी पुस्तिका माझ्या हातून घेतली, शाई वाळावी म्हणून दोनदा हलवली आणि पुन्हा फळीवर ठेवली. वर दोन नावं, माझं छापील, त्यांचं हातानं लिहिलेलं. मग त्या मुलांत जाऊन बसल्या आणि कागद वाटायला लागल्या. मी पेन पिशवीत टाकलं आणि दाराशी उभी राहिले. परतीच्या गाडीला अजून दीड तास होता, आणि मला कुणी बस म्हटलं नाही.